रोजची पाच वचने

आपल्या सोलापूरहून पुण्याकडे निघालेली गाडी कुर्डुवाडी मागे टाकते, भीमा ओलांडते, दौंडला विसावा घेते आणि मग पाटस, कडेठाण करीत केडगावच्या स्टेशनावरून जाते. जलद गाड्या तेथे बहुधा थांबत नाहीत. पुणे जवळ आले म्हणून प्रवासी त्या सुमारास सामान आवरायला लागतात, आणि खिडकीबाहेर पाहण्याचे कोणाला सुचत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे असाच गेलो. या स्टेशनापासून जवळच एका बाईने आपल्या आयुष्याची अखेरची सतरा-अठरा वर्षे एकाच ग्रंथाला वाहिली, हे मला पुस्तकातून ठाऊक होते; पण पुस्तकातले केडगाव आणि खिडकीतले केडगाव एकच, हे मनात उतरायला वेळ लागला. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई, आणि तो ग्रंथ म्हणजे मराठी बायबल.

आजच्या विषयाला ‘ख्रिस्ती जीवनातील साधना आणि चिकाटी’ असे भारदस्त नाव आहे. मी धर्मोपदेशक नव्हे, इतिहासाचा वाचक आहे. तेव्हा तत्त्वचर्चा थोडक्यात आटोपतो. नव्या करारातल्या पत्रांतून ज्या गुणाची वारंवार वाखाणणी आहे, त्याला मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. त्याची फोड केली तर अर्थ निघतो ‘खाली राहणे’. ओझे अंगावर आहे आणि माणूस त्याखालून निसटून जात नाही, ही त्यातली कल्पना. नुसते सोसणे यात येत नाही, आणि नुसती जिद्दही येत नाही. ज्या गावचे ग्रामदैवत बाराव्या शतकात तळे खोदणारे सिद्धरामेश्वर आहेत, त्या गावाला हा शब्द फार समजावून सांगावा लागेल असे मला वाटत नाही. टोपलीमागून टोपली माती उचलणे हीच पूजा, असे मानणारी माणसे आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहेत. ख्रिस्ती परंपरेतही चौथ्या शतकातले मिसरच्या वाळवंटातले तपस्वी झाले, सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना प्रार्थनेचे आणि श्रमाचे तास आखून दिले. या सर्वांत मुद्दा एकच होता, की भक्ती ही लहरीवर सोडायची गोष्ट नाही. तिला वेळापत्रक असते.

रमाबाईंना हे वेळापत्रक ख्रिस्ती धर्माने दिले असे मात्र नाही. ते त्यांना आईवडिलांनी दिले. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कट्टर वैष्णव; पण स्त्रीने संस्कृत शिकावे या एका आग्रहापायी त्यांनी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला आणि पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले. लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले. पहाटे उठायचे, आईने एक चरण म्हणायचा, मुलीने तो घोकायचा. बारा वर्षांच्या वयाला भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला मुखोद्गत झाले होते. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पायी हिंडे, देवळात बसून पुराण सांगे, मिळेल त्यावर निर्वाह करी. अर्थ सांगण्याचा प्रघात बहुधा नव्हता, श्रवणानेच पुण्य. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडू लागला. पुराणिकाच्या घराला भीक मागता येईना आणि मजुरीची सवय नव्हती. अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला, इतकी वेळ आली. त्याच वर्षी ते गेले, पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या, थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. शाळेच्या पुस्तकात न येणारी गोष्ट अशी की, त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्या हाती प्रथम बायबल पडले, आणि ते संस्कृतात भाषांतर केलेले होते. हिंदुस्थानात त्या वेळी ते वाचण्याची याहून योग्य वाचक कोण मिळाली असती? पण त्यांना ते वाचवेना. शब्द संस्कृत, पण संस्कृत वाङ्मयाची ओळख पटेल असे त्यात काही नाही. वेळ फुकट दवडणे झाले, असे वाटून त्यांनी ते बाजूला ठेवले.

पुढली वर्षे घाईने सांगतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी-विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती गेले. पुण्यात येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याचा बेत होता. कानांनी दगा दिला, ऐकू येईना, आणि तो बेत तेथेच संपला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील भगिनीमठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

या मठातल्या दिवसांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. तेथे ठरलेल्या तासांना प्रार्थना, ठरलेले काम, ठरलेले मौन. यातले काहीच रमाबाईंना जड नव्हते; असली शिस्त त्यांनी लहानपणीच अंगी लावून घेतली होती. जड होते ते दुसरेच. वडीलधाऱ्या भगिनींची अपेक्षा अशी, की धर्म स्वीकारला म्हणजे मठाचा शब्दही स्वीकारला. रमाबाई पत्रांतून प्रश्नावर प्रश्न विचारीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी वाद घातला. अन्नात अंडेही चालू दिले नाही. आणि गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, ती त्यांनी नाकारली. लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतापेक्षा अधिक पवित्र असे काय आहे, असा त्यांचा सवाल होता. लिहायचे तर क्रुसावर संस्कृत लिहा. काही चरित्रकारांना यात हट्ट दिसतो. मला तर वाटते, की ज्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘होय’ला फारशी किंमत नसते, आणि रमाबाईंचा पुढचा सगळा टिकाव या मठातल्या भांडणांतच तयार झाला.

अमेरिकेत निधी जमवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे काय घडले ते महाराष्ट्राला माहीत आहे. विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठविली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे आश्वासन देऊन संस्था निघाली होती, ही टीकाकारांची तक्रार पोकळ नव्हती. माझ्या प्रार्थनेचे दार मी कोणाला लावून घेऊ, हे रमाबाईंचे म्हणणेही सहज उडवून लावण्याजोगे नव्हते. एवढे मात्र नमूद करावे, की त्याच वर्षी त्याच शारदासदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केले.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. सोलापूर जिल्ह्याने दोन्ही भोगले. आपला एकरूकचा तलाव त्यापूर्वी १८७१ मध्ये बांधून झाला होता, तोही असल्याच अवर्षणांच्या धाकाने. रमाबाईंनी वयाच्या सोळाव्या वर्षी भूक पाहिली होती. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावास सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतलेली होती. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तेथे मुक्तिसदनाच्या इमारतींचे समर्पण झाले. गुजरातेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात त्या दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडे! विहिरी खणायच्या, दळण, माग, तेलाची घाणी, दुभती जनावरे, आंधळ्या बायकांना बोटांनी वाचायला शिकवायचे, आणि एक छापखाना. आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठार उघडले, त्याची गोष्ट कीर्तनकार पाचशे वर्षे सांगत आले. कोठार उघडल्यानंतरच्या वीस वर्षांची गोष्ट कीर्तनात बसत नाही. त्या वीस वर्षांत हिशेब असतात, आजारपणे असतात, पळून गेलेल्या मुली असतात.

१९०५ साली केडगावचे नाव सगळ्या ख्रिस्ती जगात गाजले. वेल्समध्ये १९०४ मध्ये धर्मजागृतीची लाट उठली होती. रमाबाईंनी त्या वर्षाच्या आरंभी मुलींचे प्रार्थनागट सुरू केले, आणि जूनअखेर मुक्तिसदनात तसाच उमाळा आला: शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, रात्री जागवीत. पाहुणे आले, वृत्तान्त छापले गेले, दूरदेशीच्या नियतकालिकांत वर्णने आली. काहींना त्यात साक्षात परमेश्वर दिसला, काहींना वेड दिसले. मी त्यावर निकाल देत नाही. एवढेच दाखवायचे आहे, की साधारण त्याच सुमारास याच आवारात दुसरे एक काम सुरू झाले आणि ते पाहायला कोणी आगगाडीने आले नाही. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास मांडला होता. वय सत्तेचाळीस. संपूर्ण बायबल मुळातून मराठीत आणायचे त्यांनी ठरविले होते.

मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या कॅरीने १८११ मध्ये नवा करार छापला होता. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने भाषांतराचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालविले. याच मिशनचे सोलापुरातही ठाणे होते. बाबा पदमनजींसारख्यांचा हात त्या भाषेवर फिरला होता. मग नव्याने आटापिटा कशाला? कारण रमाबाईंसमोर बसणारी बाई निराळी होती. ती मध्यप्रांतातली, गुजरातेतली, खानदेशातली. तिने वयाच्या विसाव्या वर्षी अक्षर ओळखले होते. रूढ भाषांतरातले पंडिती संस्कृत शब्द तिला कळत नसत. आणि जे कळत त्यांचा घोटाळा त्याहून मोठा होता, कारण त्या शब्दांना वेदान्ताचा जुना अर्थ चिकटलेला होता. एखाद्या शब्दामागे कीर्तनांचे आणि पुराणांचे हजार वर्षांचे नाद असले, म्हणजे वाचक नवे वाक्य वाचतो पण ऐकतो जुनेच. रमाबाईंना हे इतर कोणाहूनही अधिक जाणवणार, कारण ते सगळे नाद त्यांच्या स्वतःच्या कानात होते. म्हणून त्यांनी साधे, घरगुती, बायकांच्या बोलण्यातले शब्द शोधायला घेतले. (संस्थेचे नाव मात्र ‘मुक्ती’च राहिले. माणूस सगळीकडे सारखाच काटेकोर नसतो, हे बरेच आहे.)

हा मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत मोठा त्याग वाटतो. विलायतेत क्रुसावर संस्कृत हवे म्हणून भांडलेली बाई वीस वर्षांनी आपल्याच लेखणीतून संस्कृत वेचून काढू लागली. जी विद्या आईने पहाटे उठवून दिली, जिच्यासाठी बापाने बहिष्काराचे भय पत्करले, जिच्यामुळे कलकत्त्यात मान मिळाला, तीच बाजूला ठेवायची. आणि तीही कोणा साहेबाच्या सांगण्यावरून नव्हे, तर अक्षरओळख नुकती झालेल्या एका बाईला वाक्य कळावे म्हणून. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले. त्याने नेमका उलटा रस्ता धरला होता: परक्या देशातून येऊन मराठी पुराणाचा साज, ओवी आणि थाट उचलला, आणि दहा हजारांवर ओव्या रचल्या. परका माणूस पुराणिक झाला. जन्माची पुराणिक मात्र पुराणाची भाषा सोडून देऊ लागली. दोघेही शहाणेच होते. स्टीफन्सच्या श्रोत्यांना पुराण आपले वाटत होते, आणि रमाबाईंच्या श्रोत्यांना पुराण कोणी वाचूच दिले नव्हते.

आता कामाचा आकार पाहू. बायबलात सहासष्ट पुस्तके, ११८९ अध्याय, एकतीस हजारांहून अधिक वचने. सतरा वर्षांवर वाटणी केली, तर आठवड्याला दीड अध्यायही पडत नाही. दिवसाला पाच वचने. हा हिशेब मी प्रथम केला तेव्हा मला तो फार लहान वाटला, जवळजवळ निराशा झाली. बारा वर्षांच्या आत अठरा हजार श्लोक पाठ करणारी मुलगी, आणि तिला दिवसाला पाचच वचने? पण पाठांतर आणि भाषांतर यांत हाच फरक आहे. पाठांतरात ओघ साथ देतो. भाषांतरात प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते, आणि काल लिहिलेले आज खोडावे लागते. त्यात ऐकू येत नाही, म्हणजे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पारखण्याची सोय कमी. दारात शेकडो माणसांचे घर. संत जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन बायबल हाती घेतले तेव्हा त्यालाही वीसहून अधिक वर्षे लागली, आणि त्याच्या मदतीला पौला नावाची रोमन विदुषी हिब्रू शिकून बसली होती. एकटीने संपूर्ण बायबल भाषांतरित करणाऱ्या स्त्रिया जगात मोजक्या. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथचे भाषांतर १८७६ मध्ये छापले गेले, पण तिच्यामागे एवढा संसार नव्हता.

छपाई केडगावातच झाली. दुष्काळातून आणलेल्या मुलींनी खिळे जुळविले, फर्मे छापले, पाने दुमडली. नवा करार रमाबाईंच्या हयातीतच निघाला.

याच काळात मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या होत्या. शिक्षण विलायतेत व अमेरिकेत झालेले. त्यांनी गुलबर्ग्यास शांतिसदन ही शाळा काढली. म्हणजे आपल्याच लोहमार्गावर, सोलापूरच्या एका अंगाला आई आणि दुसऱ्या अंगाला मुलीची शाळा. या गावावरून त्या मायलेकींची ये-जा होत असणार. पुढे सगळी संस्था मनोरमाबाईंनी चालवावी, हे ठरल्यासारखेच होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या दवाखान्यात त्या वारल्या. वय चाळीस. रमाबाईंच्या आयुष्यातून आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी, अशी सगळी माणसे गेली. जुन्या कराराच्या प्रुफांचे काम चालूच होते. त्या ते करीत राहिल्या.

येथे मला आणखी एका बाईची आठवण करून द्यायची आहे, कारण तिचा धागा आपल्या जिल्ह्यातून जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या आघाताने पार खचून गेल्या. त्यांनी लहानग्या मुलासह काही काळ काढला तो पंढरपुरास, आप्तांच्या आधाराने. विठोबाच्या गावात, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचार करून ख्रिस्ती धर्म घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहाएक अध्यायांवर थांबले. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्याने लहर लागेल तसे शिकविले तेवढेच. त्यांनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. दहाला चौसष्ट! टिळकांची प्रतिभा उसळणारी होती, आणि अशा प्रतिभेला अकरावा अध्याय पुष्कळदा जड जातो. लक्ष्मीबाईंनी स्वयंपाक जसा रोज केला तसे ते लिहिले. १९३६ मध्ये त्या वारल्या.

या दोन्ही ग्रंथांचे पुढे काय झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. ‘ख्रिस्तायन’ आज फार थोडे लोक वाचतात; लक्ष्मीबाई ‘स्मृतिचित्रां’नी अमर झाल्या. रमाबाईंचे बायबल मंडळ्यांत रूढ झाले नाही. चर्चांतून बायबल सोसायटीची आवृत्तीच चालत राहिली. सतरा-अठरा वर्षांचे श्रम, आणि ज्यांच्यासाठी केले त्या मुक्तीच्या बायकांपलीकडे त्यांचा वाचक फारसा वाढला नाही. मग ते फुकट गेले का? एका मित्राने मला हाच प्रश्न विचारला, आणि मी बराच वेळ गप्प राहिलो. यश हेच माप असेल, तर उत्तर ‘होय’ असे द्यावे लागेल. पण केडगावात ज्या बाईने आयुष्यात पहिले पुस्तक वाचले, आणि ते स्वतःच्या हाताने जुळविलेल्या खिळ्यांचे होते, तिला हा प्रश्न विचारायला आपण गेलो नाही.

१९२२ चा मार्च अखेरीला आला तेव्हा शेवटची प्रुफे टेबलावर होती आणि रमाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी प्रार्थनेत दहा दिवस मागून घेतले, असे मुक्तिसदनात सांगतात. प्रुफे पुरी झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडायला १९२४ उजाडले. शेवटचे फर्मे मुलींनी त्यांच्यामागे छापले.